सन राहिलेली भिंत

नगा सवाकी,
३ मार्च १९७४

ती. दियाबभाऊ यास,
सलाम वि. वि.

तुझं पत्र आणि चहाचा डबा, दोन्ही पोचले. हिफ्नीकाकांनी आधी डबा फोडला आणि मग पत्र. चहा चांगला आहे पण कडक नाही, असं चौथा पेला पिताना त्यांनी सांगितलं.

बातमी मोठी आहे. काल सैन्याच्या गाडीतून एक कप्तान आला होता. आपल्या खलफला शौर्याचा तारा मिळालाय, मरणोत्तर. मे महिन्यात आईने राजधानीला, काहिराला जाऊन तो घ्यायचा आहे. ती गेली नाही तर घराण्यातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने घ्यायचा. हे वाक्य हिफ्नीकाकांनी कप्तानाकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आईने कप्तानाला विचारलं, हा कशाबद्दल देतात. तो म्हणाला, शौर्याबद्दल. आई म्हणाली, कुणाच्या. तो म्हणाला, तुमच्या मुलाच्या. मग त्यालाच द्या की, आई म्हणाली. बिचारा हातातले कागद पुन्हा चाळू लागला. तेव्हा तिला त्याची दया आली आणि तिने त्याला अंडी करून घातली. पण जाणार नाही ते नाहीच. मी काही केलेलं नाही म्हणते. घराच्या भिंतीवर एक खोटं आधीच आहे, आता छातीवर दुसरं नको.

भिंतीचं तू विचारलं होतंस. कुवेतमधले आपले गाववाले तुला हाज्जाचा मुलगा म्हणून चिडवतात हे वाचून मी हसले. आईला तेवढं वाचून दाखवलं नाही. झालं ते असं. मागच्या ऑगस्टमध्ये खलफ सुट्टीवर आला तेव्हा आई तिच्या भाचीच्या बाळंतपणाला गेली होती. परत येते तर दर्शनी भिंतीवर तिची हजयात्रा. विमान, आगबोट, उंट, काबा, आणि काबासमोर गालिच्यावर हातात तसबीहची माळ घेऊन बसलेली आई. लोक हजला गेले की ते परतायच्या आत त्यांच्या भिंती रंगवायचा, हा त्याचा धंदाच. पण आई तर कूसच्या बाजाराच्या पुढे कधी गेलेली नाही. तो म्हणाला, तू जाशील तेव्हा मी छावणीत असेन. मग भिंत कोण रंगवणार, तो अव्वाद? त्याचे उंट शेळ्यांसारखे दिसतात. म्हणून काम आगाऊ करून ठेवलं. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, अल्लाहच्या घरची यात्रा हाज्जा उम्म दियाब यांनी केली, सन. आणि पुढे जागा कोरी. तू जाशील त्या वर्षी येऊन सन टाकतो म्हणाला.

आईने त्याच्यावर चप्पल फेकली. गल्लीतल्या बाया पाण्याला जाताना विचारायच्या, हाज्जा, कुठल्या सनात बरं? दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवर चटया टांगल्या. तो गेला की चुना फासते म्हणाली. तो गेला, आणि मग ऑक्टोबरचं युद्ध आलं. आता ती भिंत पुसतही नाही आणि उघडतही नाही.

हिफ्नीकाका सूट शिवायच्या गोष्टी करतात. खलफने रंगाची बादली उचलली तेव्हा घराण्याचं नाक कापलं म्हणणारे हेच. आता बैठकीतला स्वतःच्या फोटोचा खिळा ताऱ्यासाठी मोकळा करायला ते तयार आहेत. खलफचा तारा त्या खिळ्यावर गेला तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. काहीतरी सुचव.

तुझी माया असू दे, आणि पुढच्या वेळी चहा माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी बहीण,
नईमा

&nbsp;

कुवेत,
२२ मार्च १९७४

चि. नईमा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र क्रेनवर चढून वाचलं, कारण खाली गाववाले होते. खलफच्या ताऱ्याचं वाचलं आणि बराच वेळ खाली उतरलोच नाही. मुकादम ओरडत होता. शेवटी त्याला बातमी सांगितली, तर तो पाकिस्तानी माणूस टोपी काढून उभा राहिला.

मला वर्षाच्या आत सुट्टी नाही. करार तसा आहे आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तेव्हा वडीलधारा पुरुष म्हणून मी उगवेन ही आशा सोड.

आईला जबरदस्ती करू नकोस. तुला आठवतं, लहानपणी शेजारणीने चुकून आपल्या घरी जास्तीचा पाव पाठवला, तेव्हा तो परत द्यायला ही बाई दळण अर्धं टाकून गेली होती. तिला कुणाचं काही अंगावर नको असतं. पण तारा हिफ्नीकाकांच्या खिळ्यावर मलाही नको. त्यांना सांग, सूट शिवायला हरकत नाही, त्यात घालायला माणूस मात्र दुसरा शोधावा लागेल. नको, सांगू नकोस. रागावले की ते जेवायला आपल्याकडे येतात.

एक गोष्ट मला टोचते. खलफ कसा गेला हे आपल्याला कुणीच सांगितलेलं नाही. कागदावर आत्मबलिदान लिहिलंय. तो शब्द तर प्रत्येकाच्या कागदावर असतो. सुवेझ कालवा ओलांडताना त्याच्या होडीत असलेला कुणी जिवंत असेल तर त्याला शोध. आईने एकदा खरं ऐकलं की काय करायचं ते तिचं ती ठरवेल.

तुझ्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांबद्दल तू तीन पत्रांत एक अक्षर लिहिलेलं नाहीस, त्यावरून समजायचं ते मी समजलो.

इकडे वाळू, तिकडे तुम्ही; आठवण ठेवा.

तुझा भाऊ,
दियाब

&nbsp;

नगा सवाकी,
२६ एप्रिल १९७४

ती. भाऊस,
सलाम वि. वि.

गणिताच्या मास्तरांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते भागाकार बरा शिकवतात.

कप्तानाला पत्र टाकलं होतं. त्याने खलफच्या होडीतल्या एकाला आपला पत्ता दिला आणि मागच्या गुरुवारी तो दारात येऊन उभा राहिला. बिशारा नाव. मल्लवी गावचा, ख्रिस्ती, पेशाने शिंपी. डाव्या पायाने लंगडतो. त्यांचा मोठा उपवास नुकताच सुटला होता, म्हणून आईने बदक कापलं. त्याने ते इतक्या मनापासून खाल्लं की आई तिथेच त्याच्यावर खूश झाली. हिफ्नीकाकाही होते. त्यांनी सूट आणला होता, शिंपी आलाय हे कळल्यावर बगलेत धरून.

जेवणं झाल्यावर आई म्हणाली, आता सांग.

त्याने सांगितलं. कालवा ओलांडताना रबरी होडीत आठजण होते आणि मध्ये सुरुंगाच्या पेट्या. समोरून गोळा आला, एक पेटी पेटली. होडीत वळायलाही जागा नव्हती, सगळ्यांचे पाय एकमेकांत अडकलेले. खलफने पेटी उचलली, पोटाशी धरली आणि पायांमधून वाट काढत काठावरून पाण्यात उडी घेतली. पेटी पाण्याखाली फुटली. होडी उलटली, पण बाकीचे सातही जण वाचले. खलफ सापडला नाही. एवढंच. बिशाराने ते मान खाली घालून सांगितलं, जणू त्याच्या हातून कुणाचं कापड फाटलंय.

मग हिफ्नीकाकांनी चष्मा लावला आणि कप्तानाने दिलेलं मानपत्र मोठ्याने वाचायला घेतलं. त्यात आहे की खलफने मातृभूमीचा जयघोष करत उडी घेतली. बिशाराने पेला खाली ठेवला. म्हणाला, नाही, तो तसं म्हणाला नाही. मी शेजारीच होतो. तो म्हणाला, पाय काढा, चुना सांडेल.

काका म्हणाले, कसला चुना? बिशारा म्हणाला, तेच तर. होडीत कुठला चुना? इस्पितळात आम्ही सातजण एकमेकांना हेच विचारायचो. एकाचं म्हणणं, तो भ्रमात बोलला. पण आम्ही पाय काढले. असा ओरडला की काढलेच.

भाऊ, आई हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. ओढणीचं टोक तोंडात धरून इतकी हसली की बिशारा घाबरून उठला. मग तिने त्याला गल्ली दाखवली. म्हणाली, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन तो इथून जायचा, आणि ओट्यावर बसलेली सगळी रिकामटेकडी मंडळी पाय पसरून. रोज हेच ओरडायचा. इथल्या कोंबड्यांनाही ते कळतं. बिशारा ओट्यावर बसला आणि त्याने पसरलेले पाय आपणहून आत घेतले.

संध्याकाळी आईने काकांना विचारलं, काहिराला ते जयघोषाचं वाचतील तेव्हा तुम्ही काय कराल. काका म्हणाले, काय म्हणजे? उभा राहून सलाम करीन.

तर मग मीच जाते, आई म्हणाली.

लोभ आहेच. त्याचा हिशेब कशाला.

तुझी,
नईमा

&nbsp;

नगा सवाकी,
२१ मे १९७४

ती. भाऊस,
सलाम वि. वि.

जाऊन आलो. आईला आगगाडी आवडली. काहिरा आवडलं नाही. तिथे सगळे असे चालतात म्हणे, जणू मागे कुत्रं लागलंय. मल्लवीला बिशारा चढला. काकाही आलेच, सोबत हवी म्हणून. सूट अंगावर होता. बिशाराने तो कमरेत इतका सैल केला होता की काका जेवणानंतरही बसू शकत होते. त्या दिवसापासून ते त्याला बाळा म्हणतात.

दालन मोठं होतं. आया पुढे, काळ्या कपड्यांत, रांगेत. मागे सैनिक. बिशारा आणि होडीतले बाकीचे सहा एका ओळीत उभे होते. खलफचं नाव आलं. एक तरुण अधिकारी खणखणीत आवाजात वाचत होता. तो जयघोषापर्यंत आला आणि आई उभी राहून म्हणाली, बेटा, तो असं म्हणाला नाही.

मला वाटलं जमीन दुभंगावी. काकांनी डोळे मिटून घेतले. अधिकारी थांबला. शेजारी एक म्हातारे सेनापती होते, त्यांनी विचारलं, मग काय म्हणाला, आई? तिने सांगितलं. त्यांनी विचारलं, चुना कशाला? तिने बादल्यांचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं, कोंबड्यांचं सुद्धा. मागून कुणीतरी हसलं. सेनापतींनी मागे पाहिलं. होडीतले सातही जण हसत होते आणि त्यांची तोंडं ओली होती. सेनापतींनी अधिकाऱ्याला सांगितलं, आई म्हणते तसं वाचा. आणि तो मुलगा त्याच खणखणीत आवाजात वाचू लागला की, शिपाई खलफ याने पाय काढा, चुना सांडेल असं म्हणत पेटती पेटी उचलली.

सेनापती तारा लावायला पुढे आले तेव्हा आईने तळहात पुढे केला. छातीवर नको, हातात द्या, म्हणाली. माझा नाही, मी फक्त नेतेय.

आता अडचण ऐक. त्या लोकांनी तारा मिळालेल्यांच्या आयांना या वर्षी हजला न्यायचं ठरवलंय, सैन्याच्या विमानातून. बिशाराने भिंतीची गोष्ट तिथे कुणाला तरी सांगितली, तर सेनापतींनी आईचं नाव यादीत पहिलं घातलं. आणि आई नाही म्हणतेय. म्हणाली, भिंत खोटी आहे म्हणून मी हजला जाऊ? हज काय भिंतीसाठी असतो? आणि मुलाच्या जिवाच्या बदल्यात मिळालेल्या जागेवर कशी बसू. इमामसाहेबांनी समजावलं, त्यांना दही देऊन परत पाठवलं. उत्तर रमजान संपेपर्यंत कळवायचं आहे.

रात्री ती चटईचं टोक उचलून बघते, हे मला माहीत आहे. तिला जायचंय, भाऊ. अल्लाहच्या घराचं नाव निघालं की तिचे हात थांबतात. पण स्वतःला कसं सांगायचं हे तिला सापडत नाहीये. तू लिही. मला नव्हे, तिला.

तारा सध्या पिठाच्या डब्यात आहे, काकांच्या हाताला लागू नये म्हणून.

लक्ष असू दे.

नईमा

&nbsp;

कुवेत,
१० जून १९७४

ती. आईस,
चरणी सलाम. नईमाने हे सावकाश वाचावं, मध्ये स्वतःचं काही घालू नये.

आई, काहिराची हकीकत कळली. ती इथे सगळ्यांना सांगितली. आता मला कुणी हाज्जाचा मुलगा म्हणून चिडवत नाही. क्रेनवरून ओझं खाली येताना खालचे पठाण, मलबारी, आपले, सगळे ओरडतात, पाय काढा, चुना सांडेल. निम्म्यांना अर्थ माहीत नाही.

तू त्या दालनात उभी राहिलीस, कारण खलफच्या तोंडी दुसऱ्याचा शब्द घातलेला तुला चालला नाही. पण त्याचा आणखी एक शब्द आपल्या दारात आहे, आणि त्यावर तू चटया टांगल्या आहेस. तू म्हणतेस भिंत खोटी आहे. भिंत खोटी असती तर त्याने सनही टाकला असता. त्याला चार आकडे काढायला किती वेळ लागला असता? त्याने जागा सोडली. म्हणजे ते खोटं नाही, आई, ते बोलणं आहे, अजून पुरं न झालेलं. तू गेली नाहीस तर मात्र ते खोटं होईल. आणि ते तुझं खोटं नसेल, त्याचं असेल.

जिवाच्या बदल्यात म्हणतेस. तो तुला पाठवायचं जिवंतपणीच ठरवून बसला होता, ऑगस्टमध्ये. गोळा नंतर आला.

आणि हज भिंतीसाठी नसतो हे खरं. पण तुला भिंतीसाठी जायचंय की कशासाठी, हे तुला ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक हवं त्यालाही. इमामसाहेबांना मध्ये घालायची गरज नाही.

नईमा म्हणते, खलफच्या विमानाला खिडक्यांत पडदे आहेत. सैन्याच्या विमानाला नसतील. तेवढं त्याला माफ कर.

पाया पडतो.

तुझा,
दियाब

&nbsp;

नगा सवाकी,
२ डिसेंबर १९७४

चि. दियाब यास,
आईचे अनेक आशीर्वाद, लिहिणार नईमाचे सलाम.

तुझं पत्र उन्हाळ्यात आलं आणि मी उत्तर दिलं नाही, कारण तुझं म्हणणं बरोबर होतं. (आईने हे वाक्य मला दोनदा खोडायला लावलं आणि तिसऱ्यांदा ठेवायला सांगितलं. — न.) रमजान संपायच्या आदल्या दिवशी नईमाकरवी होकार कळवला. पंधरवड्यात विमान आहे.

माझे पांढरे कपडे बिशाराने शिवले. माप घ्यायला आला तो चार दिवस राहिला. मी म्हटलं, अरे, तू ख्रिस्ती, तुला हे चालतं का. म्हणाला, आई, टाका कुठे धर्म विचारतो, फक्त सरळ हवा. जाताना दोन बदकं घेऊन गेला, एक पोटात आणि एक पिशवीत. होडीतले बाकीचेही अधूनमधून येतात. सात पोरं आणि सातही खादाड. एका मुलाच्या जागी हे काय झालं मला कळत नाही. अंगणात बदकं उरली नाहीत.

तुझे काका विमानतळापर्यंत सोबत येणार आहेत. सूट इस्त्री करून ठेवलाय. त्यांचा जीव ताऱ्यात आहे हे मला दिसतं. काल त्यांना म्हटलं, घ्या, एक दिवस ठेवा बैठकीत. घेऊन गेले. संध्याकाळी स्वतःच परत आणला. म्हणाले, खिळ्यावर टांगला, पण समोर बसवेना. मग इथेच जेवले.

आज सकाळी मी चटया काढल्या. वर्षभर अंधारात राहिल्यामुळे रंग ताजे राहिलेत. अव्वाद बघायला आला होता, उंट जवळून बघून गेला. खलफने मला बारीक काढलंय. नाक बरोबर आहे.

मी नसताना नईमाने कोंबड्या बघाव्यात. (आणि गणिताचे मास्तर घरी विचारायला येणार आहेत, ते आई परतल्यावर. हे मी माझं लिहिते आहे. — न.)

तुझ्यासाठी तिथे मागायचं आहे ते मागेन. काय ते सांगणार नाही.

तुझी आई,
उम्म दियाब

&nbsp;

नगा सवाकी,
२५ जानेवारी १९७५

चि. दियाब यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप परतले. पाय सुजलेत, बाकी ठीक. झमझमचं पाणी तुझ्यासाठी बाटलीत ठेवलंय. विमानतळावर घ्यायला आलेल्या काकांनी त्यांचं वाटेतच संपवलं असतं, म्हणून त्यांची बाटली मीच धरली होती.

विमानाला पडदे होते. निळे. मी शेजारच्या बाईला म्हटलं, बघा, माझ्या मुलाने सांगितलं होतं. तिने विचारलं, तो वैमानिक आहे का. मी म्हटलं, नाही, रंगारी. मग तिने तिच्या मुलाचं सांगितलं. तो न्हावी होता. जेद्दा येईपर्यंत आम्ही दोघी त्या दोघांबद्दलच बोलत होतो आणि पुष्कळ हसलो. मागच्या बायांना वाटलं, आम्ही सख्ख्या बहिणी.

तिथलं काय सांगू. मी काबासमोर बसले तेव्हा माझ्या मनात आलं, खलफने मला काढली तशीच मी बसलेय का. मग तसबीह उजव्या हातात घेतली, त्याने तशी काढलीय म्हणून. यात काही चूक असेल तर अल्लाह बघून घेईल.

घरी आले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया बाहेर होत्या. आता कुणी सन विचारला नाही. मीच विचारलं, कुणाला लिहिता येतो? अव्वाद ब्रश घेऊन तयार होता. नईमाचे मास्तरही पुढे आले, आकडे त्यांचेच म्हणून. मी म्हटलं, कुणी नको. आठवडाभर नईमाने मला राखेत बोटाने चार आकडे काढायला शिकवलं. एक सोपा. तीन बरा. नऊही जमला. चार मला फार छळतो.

काल खलफचा ब्रश भिजवला, काजळी कालवली आणि आपला हिजरी सन लिहिला, तेराशे चौऱ्याण्णव. सगळे बघत होते. चारचं तोंड मात्र उलटीकडे गेलं. नईमा म्हणाली, पुसून नीट करते. अव्वाद म्हणाला, एका फटक्यात सरळ करून देतो. काका म्हणाले, बाहेरचे लोक बघतील तर काय म्हणतील.

मी नको म्हटलं. खलफची अक्षरं बघ, किती सरळ आहेत. त्यांच्या शेजारी हा वाकडा चार असला म्हणजे कुणालाही कळेल की सन त्याने लिहिलेला नाही. तो म्हणाला होता, येऊन टाकतो. आला नाही. हे भिंतीवर खरं असायला हवं.

तारा आता चटईच्या खिळ्यावर आहे, भिंतीवर, विमानाच्या खाली. सकाळी लावते आणि दिवेलागणीला कोंबड्यांबरोबर आत घेते. त्याचाच आहे, त्याच्याच जागी आहे. मी फक्त नेआण करते.

तू ये. पाय जपून ठेव, ओटा अजून अरुंदच आहे. प्रेम आहे ते तसंच असू दे.

तुझी आई,
हाज्जा उम्म दियाब